नकट्यावरचं पाणी

कुमुद ढमाळने आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं लिहिलं ते नोकरीचा भाग म्हणून, सकाळी साडेदहाला, चहा पिता पिता.

त्याआधी बावीस वर्षं ती साताऱ्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत होती. तिथे तिचा एक नेम होता. माहीत असेल तर सांगायचं, नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणायचं. चुकीची गाडी सांगितली तर दहिवडीचा माणूस मेढ्याला उतरतो, आणि तिथे उभा राहून तो शिव्या कुणाला देतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे लोक खिडकीऐवजी मोबाइलला विचारायला लागले, खिडकीला कुलूप लागलं आणि कुमुदने स्वेच्छानिवृत्ती घेतली. वर्षभरात ती 'मेरू' कंपनीत लागली, मराठी उत्तर-तपासनीस म्हणून. लोक यंत्राला काय विचारतात आणि यंत्र काय सांगतं ते घरबसल्या वाचायचं आणि गुण द्यायचे. तिच्या नवऱ्याचं म्हणणं असं, की खिडकी तेवढी गेली, चौकशी काही सुटली नाही.

तोवर या धंद्यात मोठ्या अशा दोनच कंपन्या उरल्या होत्या. मेरूकडे शोधयंत्र होतं. पूर्वी शोधयंत्रं दहा-वीस संकेतस्थळांची यादी पुढे टाकायची आणि माणूस त्यातून आपलं आपण निवडायचा. आता यंत्र एकच उत्तर द्यायचं, तेही बोलून. दुसरी कंपनी 'ऑर्का'. फोन, चष्मे, गाड्या, झालंच तर दवाखान्यातली यंत्रं, ही सगळी ज्या प्रणालीवर चालतात ती ऑपरेटिंग सिस्टीम ऑर्काची. म्हणजे मेरू भाडेकरू आणि ऑर्का घरमालक. भाडेकरूचं बरं चाललेलं पाहून घरमालकाला सुचलं, की आपणच हा धंदा का करू नये? ऑर्काने स्वतःचं शोधयंत्र काढलं, आणि पहिल्या सहा महिन्यांतच त्याची मराठी उत्तरं इतकी फक्कड झाली की मेरूवाल्यांच्या पोटात गोळा आला.

"कुमुदताई, हे इतक्या लवकर जमणं शक्यच नाही," पुण्याहून केतकी वर्तक सांगत होती. केतकी मेरूच्या मराठी विभागाची प्रमुख, वयाने कुमुदच्या भाचीएवढी. "आपलं उत्तर लोकांना दिसतं ते ऑर्काच्याच फोनवर. पडद्यावर काय उमटतंय ते त्यांची प्रणाली बघू शकते. आमचा संशय आहे की ती आपली उत्तरं वाचते आणि आपल्या यंत्राला शिकवते."

"म्हणजे कॉपी."

"कॉपीच. पण कोर्टात सिद्ध कसं करणार? खरी गोष्ट दोघांनाही माहीत असू शकते. त्यांनी आपल्याकडूनच घेतली हे कळायचं असेल, तर आपण खोटी गोष्ट ठेवायला हवी. जगात दुसरीकडे कुठेच नसलेली. तीच त्यांच्याकडे सापडली की चोर पकडला."

अशा चाळीस खोट्या गोष्टी लिहायचं काम कुमुदकडे आलं. नियम दोनच. गोष्ट पटण्याजोगी हवी आणि तिच्यावाचून कुणाचं अडता कामा नये. गुप्ततेच्या करारावर सही करायची, घरच्यांनाही बोलायचं नाही. नव्वद दिवसांनी सगळ्या गोष्टी काढून टाकायच्या.

बावीस वर्षांचा नेम मोडताना तिला अगदीच काही वाटलं नाही असं नाही. पण गंमतही वाटली. तिने न झालेल्या नाटकाचा प्रयोग लावला, नसलेल्या आंब्याची जात काढली, एका ओढ्याला उगाच दुसरं नाव दिलं. सदतिसाव्या गोष्टीपाशी डोकं चालेना, तेव्हा तिला माहेर आठवलं.

माहेर धावरी खुर्द, जावळीच्या आडबाजूचं गाव. गावामागे नकट्याचा डोंगर. टोक तुटल्यासारखा दिसतो म्हणून नकटा. वर किल्ला नाही, देऊळ नाही, झाडही नाही. तीन तासांची उभी चढण आणि माथ्यावर नुसता कातळ. गावातली माणसंसुद्धा तिकडे फिरकत नाहीत, बिरू कोकरे धनगराची मेंढरं पावसाळ्यात जातील तेवढीच. तिथे कुणाचं काय अडणार? कुमुदने लिहिलं, "नकट्याच्या माथ्यावर पश्चिमेस कातळात खोदलेले जुने टाके असून त्यात बारमाही गोड पाणी असते." लिहून झाल्यावर 'गोड' शब्द तिला फार आवडला.

दीड महिन्यात ऑर्काच्या यंत्राने तेच वाक्य जवळपास जसंच्या तसं म्हणून दाखवलं. चाळीसपैकी एकतीस सापळे लागले. मेरूने दावा ठोकला आणि केतकीने कुमुदला पेढ्यांचा बॉक्स पाठवला.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सर्जेरावचा फोन आला. सर्जेराव जगदाळे तिचा धाकटा भाऊ, धावरीत शेती करतो. तो कामाशिवाय फोन करत नाही, आणि केला तर आधी खुशाली विचारतो. या वेळी त्याने विचारली नाही.

"आक्का, तू त्या फोनवाल्यांच्यात काम करतीस न्हवं? त्यांचं डोकं फिरलंय काय? नकट्यावर पाणी हाय म्हणून सांगत्यात लोकांना!"

कुमुदने कप खाली ठेवला.

"कोण सांगतंय?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"फोन सांगतुया! गेला महिनाभर दर शनवार-रविवारी पुण्याची पोरंपोरी येत्यात. एकेक बाटली घेऊन चढत्यात, वर भरून घेऊ म्हणत्यात. मी सांगतो, बाबांनो, वर थेंब न्हाई. ती मला फोन दाखिवत्यात. मामा, दोन्ही कंपन्या सांगतायत, म्हणत्यात. माझा जल्म गेला हितं, पण माझ्यापेक्षा फोन शाणा. मग मी आन् बिरू घागर घेऊन मागनं जातो. काल एक बाई उन्हानं पडली. तोंडाला फेस आलता आक्का. खांद्यावर टाकून खाली आणली. वाचली. पुढच्या टायमाला वाचंलच असं न्हाई. मे महिना यायचाय अजून."

"मी बघते," कुमुद म्हणाली. ते वाक्य आपलंच, हे तिने सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर तिने तपासनिसांच्या पानावर जाऊन लोक काय विचारतात ते काढलं. 'नकट्यावर पाणी आहे का' असं कुणीच विचारलं नव्हतं. लोक विचारत होते, 'उन्हाळ्यात ट्रेकला कुठे जाऊ, जिथे गर्दी नाही आणि पाणी आहे?' अशी जागा साताऱ्याच्या पट्ट्यात यंत्राला एकच सापडत होती. चौकशीच्या खिडकीपुढे येणारा माणूस आधी ठरवून येई, त्याला जायचं कुठे हे त्याचं त्याला माहीत असे. इथे खिडकीच लोकांना गाडीत बसवून देत होती, हे कुमुदच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला स्वतःची अशी चीड आली की पेढ्यांचा उरलेला बॉक्स तिने उचलून शेजारी देऊन टाकला.

तिने केतकीला फोन लावला. केतकी चांगली मुलगी होती. तिने तासाभरात सदतीस नंबरची गोष्ट काढून टाकली. बुधवारी कुमुदने यंत्राला पुन्हा विचारलं, तर टाकं जागच्या जागी, गोड पाण्यासकट.

"असं कसं झालं?"

"मीही तेच बघतेय," केतकीचा आवाज उतरला होता. "आपलं यंत्र कुठलीही गोष्ट खरी मानायच्या आधी बघतं, की ती आणखी कोण कोण सांगतंय. तसं सांगणारी किमान दोन स्वतंत्र तोंडं लागतात. पूर्वी लाखो संकेतस्थळं होती, वर्तमानपत्रं होती, लोक स्वतःचं लिहायचे. आता तिथे जाऊन वाचणारंच कुणी राहिलं नाही, म्हणून लिहिणारेही थांबले. उरली दोनच तोंडं, आपण आणि ऑर्का. ऑर्का म्हणतं टाकं आहे. का, तर मेरू म्हणालं होतं. आता मेरू म्हणतं टाकं आहे. का, तर ऑर्का म्हणतंय. भरवसा शंभरात शहाण्णव."

"अगं, पण ते मी लिहिलंय! मी सांगतेय ना नाही म्हणून!"

"तुम्ही एक माणूस आहात, ताई. माणसाच्या शब्दाला यंत्र तीन गुण देतं."

कुमुदला यावर हसावं की रडावं कळेना.

"मग ऑर्काला कळवा. त्यांनीही काढलं की सुटलं."

केतकी म्हणाली, "वकिलांना विचारलं मी. सुनावणी जुलैत आहे. तोवर कुठला सापळा कुठे लावलाय हे ऑर्काला कळता कामा नये, नाहीतर ते सगळे पुरावे पुसून टाकतील. आपल्याकडचं बंद करून काही उपयोग नाही, निम्म्याहून जास्त लोक तिकडेच विचारतात. वकील म्हणतात, जुलैपर्यंत थांबा."

"जुलैत पाऊस पडतो, केतकी. तहानेनं माणूस मरतो ते मे महिन्यात."

"मला कळतंय हो, ताई." आणि तिला खरंच कळत होतं. पण तिच्या हातात काही नव्हतं.

गुरुवारचा दिवस कुमुदने तपासनिसांची नियमपुस्तिका वाचण्यात घालवला. दोनशे बारा पानांची ती पुस्तिका तिच्याखेरीज कुणी पुरती वाचली असेल की नाही, देव जाणे. चौदाव्या कलमापाशी ती थांबली. जमिनीच्या जुन्या नोंदी यंत्रं चुकीच्या सांगतात म्हणून मागे ओरड झाली होती, तेव्हा सरकारने दोन्ही कंपन्यांना एक अट घातली होती. महसूल खात्याची सही झालेला दस्तऐवज इतर कुठल्याही स्रोताच्या वर धरायचा, आणि तो चोवीस तासांत उत्तरात उतरवायचा. त्याला भरवसा शंभरात शंभर. त्यापुढे मेरू काय म्हणतं आणि ऑर्का काय म्हणतं, याला काडीची किंमत नाही.

शुक्रवारी पहिल्या गाडीने ती धावरीला गेली. गावची तलाठी रेश्मा इनामदार, तिशीची, बोलायला तिखट. सरकारने तलाठ्यांना नवं लांबलचक पदनाम दिल्याला बरीच वर्षं झाली होती, पण गाव तिला तलाठी मॅडमच म्हणे. चावडीत सर्जेरावही येऊन बसला.

"पंचनामा पाहिजे," कुमुद म्हणाली. "नकट्यावर पाण्याचं टाकं नाही, असा."

रेश्माने पेन खाली ठेवलं. "नसलेल्या वस्तूचा पंचनामा? बाई, गारपीट झाली, गोठा पडला, बिबट्यानं शेळी नेली, तर मी पंचनामा करते. काहीतरी होतं आणि ते गेलं, असं लागतं. तुमचं टाकं तर नव्हतंच मुळात. उद्या कुणी येईल, म्हणेल माझ्या परड्यात हत्ती नाही, करा पंचनामा."

"हत्ती बघायला पुण्याहून माणसं येऊन उन्हानं पडली, तर करावा लागेल."

सर्जेराव हसला. रेश्मा हसली नाही, पण तिने कोरा कागद पुढे ओढला. "बरं. घटना काय झाली ते तरी सांगा. टाकं आहे हे पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

"फोन सांगतुया की," सर्जेराव म्हणाला.

"फोन सांगतो ही अफवा झाली. अफवेचा पंचनामा नसतो. साहेब पहिला प्रश्न विचारतील, माहितीचा उगम काय? खोटी माहिती अमुक माणसाने अमुक तारखेला दिली, असा जबाब असेल तर घटना होते. मग मी जागेवर येते, पंच घेते, सही करते. तो माणूस आणा."

चावडीच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, तरी कुमुद त्याच्याकडेच बघत राहिली. करार डोळ्यांपुढे होता. तोंड उघडलं तर नोकरी जाणार, वर कंपनीचे वकील मागे लागणार. एवढंच असतं तरी तिने सोसलं असतं. पण शेजारी सर्जा बसला होता. महिनाभर घागर डोक्यावर घेऊन ज्याने तो डोंगर चढला, तो हा तिचा भाऊ. त्याच्या हाताच्या कोपरावर खरचटलेलं ताजं होतं.

"तो माणूस मीच," ती म्हणाली. "लिहा. कुमुद विलास ढमाळ. मी लिहिलं ते. वीस जानेवारीला, साताऱ्यात, घरी बसून."

सर्जेरावला आधी कळलंच नाही. मग कळलं.

कुमुदने सगळं सांगितलं. दोन कंपन्यांचं भांडण, सापळे, चाळीस खोट्या गोष्टी. ती थांबल्यावर सर्जेरावने विचारलं, "आन् आपलाच डोंगर घावला व्हय तुला?"

"तिथं कुणी जात नाही, म्हणून."

"कुणी न्हाई म्हंजी? बिरू जातो. मी जातो. आमी माणसं न्हवं?" तो उठला, पायताण घातलं आणि चावडीतून निघून गेला. कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पदराने पुसलं आणि जबाबावर सही केली.

शनिवारी सकाळी साडेसहाला ते चढायला लागले. तलाठी मॅडम, पंच म्हणून बिरू कोकरे आणि गावचे पोलीस पाटील शेलार, आणि अर्जदार कुमुद. सर्जेरावला पंच होता येत नव्हतं, कारण तो अर्जदाराचा भाऊ. तरी तो आला. सगळ्यांच्या पुढे दहा पावलं, खांद्यावर पाण्याची कळशी, आणि बहिणीकडे पाठ. कुमुदला बावन्न वर्षांचे गुडघे होते आणि चढण छातीवर येत होती. ती बसली की तो पुढे थांबायचा, वळून बघायचा नाही. बिरू मात्र मागे येऊन तिला पाणी द्यायचा.

"तुमी आमच्या डोंगरावर पाणी काढलं म्हणं," बिरू म्हणाला. "मला आधी सांगतासा तर बरं झालं असतं. पस्तीस वरसं शोधतुया मी."

कुमुदला त्याही अवस्थेत हसू फुटलं.

माथ्यावर पोचले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि कातळ तापला होता. नुसता कातळ. पण आधी होता तसा तो राहिला नव्हता. ठिकठिकाणी रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. एका मोठ्या धोंड्यावर कुणीतरी पांढऱ्या रंगाने बाण काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'पाणी'. पुढे आणखी एक बाण. मग तिसरा. फोनवर विश्वास ठेवणाऱ्या कुणा भल्या माणसाला टाकं सापडलं नव्हतं, पण ते पुढे कुठेतरी असणारच याची त्याला खात्री होती. मागून येणाऱ्यांची सोय म्हणून तो बाण काढत गेला होता. ते सगळे पश्चिमेकडे जात होते. कुमुद तिसऱ्या बाणामागून चार पावलं गेली, आणि शेलारांनी तिचा दंड धरून मागे ओढलं. पुढे कडा होता. सरळ खाली, दोनशे-अडीचशे फूट.

ती तिथेच खाली बसली. एक शब्द आवडला म्हणून लिहिलेलं वाक्य इथवर येऊन पोचलं होतं. बाण ज्याने काढले तो नंतर सुखरूप परत गेला असेल ना, असं तिने विचारलं. शेलार आणि बिरू कड्याच्या काठाकाठाने दोन्ही टोकांपर्यंत जाऊन खाली वाकून बघून आले. कुणी पडल्याची खूण नव्हती. मग बिरूने एक टोकदार दगड उचलला आणि बाण खरवडायला सुरुवात केली. कुमुद उठून दुसऱ्या बाणापाशी गेली आणि तिनेही दगड घेतला. रंग सहजासहजी निघेना. तिची बोटं सोलली. थोड्या वेळाने तिच्या शेजारी आणखी एक दगड घासू लागला. मान वर न करताही तिला कळलं की सर्जा आहे.

रेश्माने सगळा माथा पायांखाली घातला आणि धोंड्याच्या सावलीत बसून, सरकारी टॅबवर, मोठ्याने म्हणत लिहायला घेतलं.

"समक्ष पाहणी केली असता, नकटा डोंगराच्या माथ्यावर कोठेही टाके, झरा, विहीर अथवा पाण्याचा अन्य साठा आढळून आला नाही. पश्चिमेस खोल कडा असून तेथे जाणे जिवास धोकादायक आहे. खडकावर अज्ञात इसमाने काढलेले तीन बाण पंचांसमक्ष पुसण्यात आले. सदर टाक्याची माहिती अर्जदार यांनी स्वतः रचून दिल्याचे त्यांनी जबाबात कबूल केले आहे." मग तिने मान वर केली. "आता हा एक रकाना आहे, पाणीटंचाईच्या नमुन्यातला. 'पाण्याचा नजीकचा उपलब्ध स्रोत'. काय लिहू? गावची विहीर?"

"हिर आटलीया," शेलार म्हणाले. "टँकर येतो मंगळवारी."

"मग काय, निरंक लिहू?"

सर्जेरावने हातातला दगड टाकला, तळवे झटकले. "माझ्या बोअरला हाय पाणी. वाट माझ्या ओसरीवरनंच जाती. माझं नाव लिवा."

"पूर्ण नाव?"

"सर्जेराव दिनकर जगदाळे." मग तो पहिल्यांदाच कुमुदकडे वळला. "आक्का, तुझ्या त्या फोनला ह्ये बी सांगाय येईल न्हवं?"

"येईल," कुमुद म्हणाली.

रेश्माने पंचांचे अंगठे आणि सह्या घेतल्या, स्वतःची सही केली आणि खाली रेंजमध्ये आल्यावर नोंद चढवली.

चोवीस तासही लागले नाहीत. रविवारी पहाटेच दोन्ही यंत्रांनी सदतीस नंबरचं वाक्य मागे घेतलं. भरवसा शहाण्णव होता तो शून्यावर आला. सोमवारी केतकीचा फोन आला. तिने कंपनीचं पत्र वाचून दाखवलं, करारभंगाबद्दल कुमुदची सेवा त्या दिवसापासून समाप्त. वाचून झाल्यावर ती रडली, आणि कुमुदलाच तिची समजूत काढावी लागली.

खटल्याचं पुढे जे झालं ते तुमच्या कानावर आलं असेल. ऑर्काने नक्कल केली हे सिद्ध झालं. मेरूने जाणूनबुजून खोटं पेरलं, हेही त्यांच्याच कागदांवरून सिद्ध झालं. कुमुदचा जबाब वाचून न्यायाधीशबाईंनी दोन्हीकडच्या वकिलांना विचारलं, की तुमच्यापैकी कुणी त्या डोंगरावर माणूस पाठवला होता का? दोन्हीकडच्या मिळून एकोणीस वकिलांपैकी एकानेही पाठवला नव्हता. निकाल असा लागला, की दोघांनी मिळून जागेवर जाऊन बघणारी माणसं नेमावीत, ती माणसं दोघांपैकी कुणाचीही नोकर नसावीत, आणि जिवाशी संबंध असलेल्या प्रत्येक उत्तरात कुणी जाऊन पाहिलं त्याचं नाव असावं. माणसाच्या शब्दाचे तीन गुण रद्द झाले. पंचांच्या शब्दाला आता नव्वद मिळतात. साताऱ्याच्या पाहणीची यादी कुमुदकडे आहे, आणि बिरू कोकरे तिचा पगारी पंच आहे. चोरवाटा, ओढे, साकव, पाणवठे बघत दोघं फिरतात, आणि वर्षभरात त्यांनी यंत्राची चारशेवर उत्तरं खोडून काढली आहेत.

पण कुमुदच्या लेखी निकाल जुलैची वाट बघत बसला नव्हता. पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच रविवारी, ती अजून माहेरीच होती. पाय इतके सुजले होते की तिला एसटीच्या पायऱ्या चढवल्या नसत्या. सकाळी सातला ओसरीवर बसून ती पायाला तेल लावत होती, तेवढ्यात वाटेवर सात मुलंमुली दिसली. पाठीला पिशव्या, डोक्याला टोप्या. यांनाही काही कळलेलं नसलं तर? ती भिंतीला धरून उठली.

पुढची मुलगी अंगणाच्या कडेला थांबली. हातातला फोन बघत तिने विचारलं, "सर्जेराव जगदाळे इथेच राहतात का?"

"मीच. काय पायजे?" सर्जेराव गोठ्यातून बाहेर आला.

"वर पाणी नाहीये म्हणे. काल तुमच्या गावच्या लोकांनी जाऊन बघितलंय, असं सांगतोय हा. आधी पाणी आहे म्हणत होता." तिने फोन त्याच्यापुढे धरला. "इथे भरून घ्या म्हणाला. तुमचं नाव सांगितलंय. चालेल ना, मामा?"

सर्जेराव वाचायला फोन हातात घेईना. महिनाभर अशीच पोरं त्याला फोन दाखवून खोटं पाडत होती.

"किती बाटल्या हायत्या?" त्याने विचारलं.

"प्रत्येकी दोन."

"दोनानं काय व्हतंय ह्या उन्हात? तीन-तीन न्या. रिकाम्या बाटल्या माझ्याकडं हायत्या, तुमच्याच लोकांच्या, धुऊन ठेवल्यात. आन् कड्याकडं जायाचं न्हाई, उजव्या अंगानंच उतरायचं. समजलं?"

"समजलं, मामा."

तो मोटर चालू करायला वळला आणि जाता जाता ओसरीपाशी थांबला.

"आक्का, उभी काय ऱ्हायलीस? बस की. पायाला तेल लाव," तो म्हणाला. "आन् चा टाकाय सांग आत. सात कप."

मुलांनी बाटल्यांची टोपणं उघडली. कुमुद खाली बसली, आणि आत भावजयीला हाक मारून तिने आठ कप सांगितले, आठवा सर्जाचा.